तीनदा जेवते कोण?

मारेगाव तालुक्यातल्या एका गावात बचतगटाची बैठक होती. कापसाची दुसरी वेचणी नुकतीच आटोपली होती, त्यामुळे बायका जरा निवांत बसल्या होत्या. हप्त्यांचा हिशोब झाल्यावर गटाच्या तरुण सचिवाने मोबाईल काढला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानाची चित्रफीत लावली. तिच्या भावाने ती पाठवली होती. दिवसातून दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, ४५ मिनिटे चाला, गोड बंद करा, पोळी-भात कमी करून डाळी-कडधान्ये वाढवा. बायका मन लावून ऐकत होत्या. गटातल्या सहा जणींना 'शुगर' आहे, हे मला त्या दिवशीच कळले.

चित्रफीत संपली तशा साठीच्या घरातल्या एक मावशी म्हणाल्या, "दोनदाच जेवा म्हन्ते डाक्टर. आमी तीनदा कवा जेवलो, ताई?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर ते हसू टोचू लागले. मावशी सकाळी आठला भाकर आणि ठेचा खाऊन वेचणीला जातात, दुपारी धुऱ्यावर बसून तीच भाकर खातात, आणि रात्री सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या रश्श्यात भात कालवतात. मोजली तर जेवणे तीन भरतील. पण 'जेवले' असे त्यांना एकदाही म्हणावेसे वाटत नाही. अशा बाईला साखरेचा आजार झाला तर आपण तिला काय सांगणार आहोत? स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या आपण कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे अजून पुरेसे गांभीर्याने पाहिलेले नाही, असे मला वाटते.

आधीच सांगते, या डॉक्टरांची टर उडवण्यासाठी मी हे लिहीत नाही. दोन वेळा जेवण्याची कल्पना मुळात आपल्या विदर्भातल्या डॉ. श्रीकांत जिचकर यांची. २००४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन डॉ. दीक्षितांनी ती स्वतःवर करून पाहिली आणि मग गावोगावी सांगितली. २०१८ मध्ये तर 'दोनदा खावे की दर दोन तासांनी' हा वाद महाराष्ट्रातल्या घराघरांत रंगला होता. त्यामागचा विचार समजायला अवघड नाही. धान्य, बटाटा, साखर यांतले पिष्टमय पदार्थ पोटात गेले की त्यांची साखर होऊन रक्तात येते. ती पेशींत पोचवायला इन्सुलिन लागते. मधुमेहात एक तर इन्सुलिन कमी पडते किंवा शरीर त्याला दाद देत नाही. मग पिष्ट कमी खाल्ले तर रक्तातली साखर कमी चढणार, हे कोणालाही पटण्याजोगे आहे.

शास्त्राचाही त्याला बराचसा आधार आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालाने मान्य केले की रक्तातली साखर सुधारण्यासाठी पिष्टमय पदार्थ कमी करण्याच्या उपायाला सर्वांत जास्त पुरावा आहे. २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत चांगला फायदा आणि वर्षभरात तो ओसरत जाणे, असे चित्र दिसले. म्हणजे ही जादू नव्हे, पण थोतांडही नव्हे. आणि आपल्याला तर याची गरज मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतून पुढे आलेली दुसरी गोष्ट अशी की भारतीय माणसाच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, तीही मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेले धान्य आणि साखर यांतून. हा आजार शहरी, श्रीमंत आणि बैठे काम करणाऱ्यांचा, ही आपली जुनी समजूत आता सोडून द्यायला हवी.

या विचाराच्या जगभरातल्या प्रचारकांमध्ये एक डॉक्टर असे होते की ज्यांना स्वतःलाच मधुमेह होता. अमेरिकेतले डॉ. रिचर्ड बर्नस्टाइन. त्यांची गोष्ट मला त्या एस.टी.त आठवली, आणि ती आपल्या बायकांना सांगितली पाहिजे असे वाटले. बर्नस्टाइन यांना १९४६ साली, बाराव्या वर्षी, इन्सुलिनवरच जगावे लागते तो मधुमेह झाला. ते शिकले इंजिनिअर म्हणून. तिशीतच मूत्रपिंडापर्यंत आजाराचे परिणाम पोचले. डॉक्टरांनी सांगितलेला, पिष्ट भरपूर असलेला आहार ते इमानाने घेत होते. १९६९ मध्ये त्यांच्या वाचनात एका नव्या यंत्राची जाहिरात आली. बोटाच्या एका थेंबावरून रक्तातली साखर सांगणारे ते यंत्र दीड किलोच्या आसपास वजनाचे होते, किंमत ६५० डॉलर. ते बनवले होते रुग्णालयांसाठी, बेशुद्ध आलेला माणूस मधुमेही आहे की दारू प्यायलेला हे रात्री-अपरात्री ओळखता यावे म्हणून. रुग्णाला ते विकत मिळत नसे, डॉक्टरलाच मिळे.

बर्नस्टाइन यांची पत्नी डॉक्टर होती. यंत्र तिच्या नावावर मागवले गेले.

मग हा इंजिनिअर दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःचे रक्त तपासू लागला. काय खाल्ले की साखर किती चढते, किती इन्सुलिनने किती उतरते, हे त्यांनी लिहून ठेवले. हळूहळू पिष्ट अगदी थोडे, इन्सुलिनही थोडे, अशी पद्धत बसवली. आजाराचे परिणाम मागे हटू लागले. हे त्यांनी लिहून पाठवले तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांनी ते छापले नाही. म्हणून १९७९ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि डॉक्टर झाले. साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्ये सिद्ध केले. बर्नस्टाइन २०२५ मध्ये वारले, वयाच्या नव्वदीत. बालपणी हा आजार झालेल्यांच्या त्यांच्या पिढीत असे आयुष्य विरळाच.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण आहारापाशी थांबतात. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते यंत्र. आपल्या शरीरात काय चालले आहे हे रुग्णाला स्वतःला कळता कामा नये, अशी तेव्हाची व्यवस्था होती. ती एका बाईच्या पदवीच्या आधाराने मोडली गेली. आपले शरीर आपल्याला कळले पाहिजे, ही मागणी स्त्री-चळवळीने केलेलीच आहे, गर्भाशयाबाबत, पाळीबाबत, गर्भनिरोधकांबाबत. ती मागणी साखरेबाबतही करायला हवी, हे मात्र आपल्या ध्यानात आले नाही.

आता मारेगावात परत येऊ. बर्नस्टाइन यांच्या पद्धतीत दिवसाचे पिष्ट ३० ग्रॅम. सकाळी ६, दुपारी १२, रात्री १२. आपल्याकडे ज्वारीच्या एका बेताच्या भाकरीत याहून जास्त असते. म्हणजे दिवसाला पुरी एक भाकरसुद्धा नाही! बरे, भाकर काढून घेतली तर ताटात काय उरते? गटातल्या बायकांबरोबर मी हा हिशोब मांडून पाहिला. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, २०२३ पासून ते फुकट आहे. दिवसाला पडते १६५ ग्रॅमच्या आसपास, गहू आणि तांदूळ. त्यात पिष्ट १२० ग्रॅमच्या वर, आणि प्रथिने फार तर १५-१६ ग्रॅम. कंट्रोलच्या दुकानात या धान्याबरोबर डाळ दर महिन्याला हक्काने मिळत नाही. साखर मात्र अंत्योदय कार्डावर मिळते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या साखरेवरचे अनुदान मार्च २०२६ पर्यंत वाढवले होते. गरिबातल्या गरिबाला सरकारने साखर नेमून दिली, डाळ नाही. आणि मग आरोग्य खात्याच्या भिंतीवर आपण वाचतो, साखर टाळा, प्रथिने खा.

आपल्याकडे तूर पिकत नाही असे नाही. कपाशीच्या काही तासांमागे तुरीचे एक-दोन तास असतातच. ती तूर पेरायला, निंदायला, कापायला बाई असते. विकायला मात्र पुरुष जातो. बोंडअळीने कापूस गेला, सोयाबीनचा भाव पडला की तुरीचे पोते आधी बाजारात जाते, आणि उन्हाळ्यात तीच बाई पावशेर डाळ दुकानातून आणते.

ती डाळ घरात शिजली तरी तिच्या ताटात किती येते? आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. हे आपण इतक्या वेळा म्हटले आहे की त्याचे काही वाटेनासे झाले. पण साखरेच्या आजारात त्याचा अर्थ फार नेमका आहे. वरणातला घट्ट भाग आधी जातो नवऱ्याला, मुलांना, सासऱ्यांना. अंडी केली तर मोजून केलेली असतात, त्यात तिचे धरलेले नसते. शेवटी भांड्यात उरतो पातळ रस्सा आणि टोपल्यात उरते भाकर. म्हणजे घरात सगळ्यांत जास्त पिष्ट आणि सगळ्यांत कमी प्रथिने खाणारी व्यक्ती कोण, हे जेवणाच्या क्रमानेच ठरून जाते. ताटातले प्रमाण बदला, असा सल्ला देणारा डॉक्टर समोरच्याचे ताट त्याच्या हातात आहे असे धरून चालतो. बाईचे ताट तिच्या हातात नसते.

याची दुसरी बाजूही आहे. तालुक्याच्या गावी एका नोकरदार गृहस्थांनी असा आहार सुरू केला. त्यांची साखर उतरली, वजन उतरले, ते सगळ्यांना सांगत फिरतात. मला आनंदच वाटला. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांची पत्नी पहाटे भिजवलेल्या मटकीला मोड आणत होती, काकडी-गाजर चिरत होती, त्यांच्यासाठी वेगळे, मुलांसाठी वेगळे, सासूबाईंसाठी मऊ भात वेगळा. एकाचे व्रत आणि दुसरीचे कष्ट. मी विचारले, "वहिनी, तुमची साखर कधी तपासली?" त्या म्हणाल्या, "मला काय झालंय?" त्यांच्या आईला आणि मोठ्या बहिणीला मधुमेह आहे. पुरुषाला हा आजार झाला की सगळे घर पथ्याला लागते. बाईला झाला की घरात तिच्या पथ्याची अडचण होते.

आणि एक धोका आहे, त्याबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. गेल्या हंगामात एका शेतात वेचणी चालू असताना एक बाई घामाने भिजली, असंबद्ध बोलू लागली, मग खाली बसली. सोबतच्या बायकांना वाटले अंगात आले. कोणी कुंकू आणायला धावले. नशिबाने एकीच्या पिशवीत मुलासाठी घेतलेले बिस्किटाचे पाकीट आणि बाटलीत गोड चहा होता. ती शुद्धीत होती, घोट घोट पिऊ शकली, सावरली. नंतर कळले, कोणाचे तरी ऐकून तिने चार दिवसांपासून सकाळची भाकर सोडली होती. साखर उतरवणारी गोळी मात्र रोज घेत होती. गोळी घेतली पण जेवण नाही, वर उन्हात मेहनत, तर साखर एकदम खाली जाते. मेटफॉर्मिन एकटी असेल तर हा धोका थोडा, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून गोळी-इन्सुलिन घेणाऱ्या बाईने जेवण बदलण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचे प्रमाण बदलून घेतलेच पाहिजे. मूत्रपिंड दुखावलेले असेल तर प्रथिने वाढवण्याआधीही विचारले पाहिजे. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखान्यात न्यायचे. हे प्रत्येक गटात सांगितले गेले पाहिजे. आपल्या बायकांचे उपासही यात धरा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. दिवसभर पोट रिकामे आणि मग साबुदाणा, बटाटा, भगर. सगळे पिष्ट! साखरेला याहून वाईट वेळापत्रक नसेल.

हे सगळे मी एका शिबिरात मांडले तेव्हा आपल्याच एका मैत्रिणीने विचारले, "मग गरीब बायकांना हे सांगायचेच कशाला? त्यांच्या पोटाला भाकर मिळाली तरी पुष्कळ. हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत." तिच्या मनातली कळकळ मला समजते, पण मला हे मुळीच मान्य नाही. भाकरीने साखर चढते हे खरे असेल तर ते मावशींना कळण्याचा हक्क आहे. परवडत नाही म्हणून माहितीही द्यायची नाही, हे आपण ठरवणारे कोण? अशाने आपणही त्या जुन्या दवाखान्यासारखेच होऊ, ज्यांनी यंत्र रुग्णाच्या हाती द्यायचे नाही असे ठरवले होते. आधी खरे सांगावे. मग त्यातले आज काय जमते आणि कशासाठी भांडावे लागेल, हे तिच्याबरोबर बसून ठरवावे.

आमच्या गटाने तसे करून पाहिले. सगळ्यांनी वर्गणी काढून साखर तपासण्याचे एक यंत्र आणि पट्ट्या घेतल्या. त्यासाठी आता कोणाच्या पदवीची गरज लागत नाही, एवढा फरक १९६९ पासून पडला आहे. पट्टी महाग पडते म्हणून रोज तपासत नाही. जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा, एवढेच आठवड्यातून. मावशींनी एका आठवड्यात भात खाऊन पाहिले, दुसऱ्यात दोन भाकरी आणि बरबटीची उसळ, तिसऱ्यात एक भाकर, चून आणि अंबाडीची भाजी. आकडे सचिवाने वहीत लिहिले. भात आणि एका भाकरीच्या जेवणातला फरक पाहून मावशी म्हणाल्या, "मले वाटे भात हलका रायते." आजवर कोणी सांगून जे पटले नव्हते ते त्यांच्या बोटाच्या थेंबाने पटवले. आता त्या उसळ-भाजी आधी खातात आणि भाकर मागून. जवसाची चटणी रोज असते. गावठी कोंबडीची चार अंडी विकतात, दोन ठेवतात. आणि गटातल्या पाच जणींनी ठरवले की यंदा तुरीचे एक पोते घरात राहील. त्यातल्या दोघींना घरी त्यासाठी भांडावे लागले. वेगळा स्वयंपाक करायचा नाही, हेही ठरले. जे बाईच्या साखरेला चांगले ते घरातल्या सगळ्यांच्या पोटाला चांगले, तेव्हा सगळे तेच खातील, आणि एकत्र बसून खातील. हे शेवटचे कलम सर्वांत अवघड जाते आहे.

पण एवढ्याने भागणार नाही. एका गटाच्या वर्गणीवर सार्वजनिक आरोग्य चालत नाही. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा तपासणीचा अर्ज भरतात, शिबिरात एकदा रक्त तपासले जाते, पण पुढे दर महिन्याला साखर पाहायची सोय बाईच्या घराजवळ हवी. उपकेंद्रात पट्ट्या कायम असल्या पाहिजेत, आणि औषध देताना जेवणाबद्दल, उपासाबद्दल आणि शेतातल्या कामाबद्दल विचारले गेले पाहिजे. कंट्रोलवर डाळ आणि तेल मिळालेच पाहिजे. ही काही अशक्य मागणी नाही. तमिळनाडूत रेशनवर स्वस्त तूरडाळ मिळते. आपल्या शेजारच्या छत्तीसगडने २०१२ मध्ये स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला, त्यात आदिवासी भागातल्या कुटुंबांना स्वस्त चणा देण्याची तरतूद केली. ज्या जिल्ह्यात तूर पिकते, ज्या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत, तिथे हे का होऊ नये? उलट आपल्याकडे २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने शाळेतल्या मुलांच्या अंड्याचा निधीच काढून घेतला.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात एक कलम आहे. घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई रेशनकार्डाची कुटुंबप्रमुख. बर्नस्टाइन यांचे यंत्र बायकोच्या नावावर आले होते. इथे कार्ड बाईच्या नावावर आहे. त्या कार्डावर काय मिळावे, हे मात्र तिला कोणी विचारलेले नाही. मला वाटते, आपल्या गटांनी पुढच्या ग्रामसभेत नेमके इथूनच सुरुवात करावी. कुटुंबप्रमुख म्हणून ठराव मांडावा, आम्हाला डाळ हवी.

डॉ. दीक्षितांची चित्रफीत आम्ही पुढच्या बैठकीत पुन्हा लावणार आहोत. ते सांगतात त्यातले पुष्कळ खरे आहे. पण चित्रफीत संपल्यावर चर्चेला मावशींचाच प्रश्न घ्यायचा, असे ठरले आहे. तुमच्या गावात, तुमच्या गटात बायका काय खातात, कधी खातात आणि कोणानंतर खातात, हे तुम्हीही एकदा मांडून पाहा, आणि आम्हाला कळवा.